कुठून आलं ते राहू दे, अडवतं काय ते सांगा

यंदा गणपतीत दुसऱ्या दिवशी रात्रीची आरती झाली, भजनवाले यायला अजून वेळ होता म्हणून सगळे पडवीत बसले आणि तिथे एका बाटलीवरून असं भांडण पेटलं की भजनवाले येऊन टाळ जुळवायला लागले तरी थांबेना. बाटली व्हॅलिडामायसिनची. काकांच्या भातावर करपा दिसायला लागलेला, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले तेव्हा खताच्या दुकानवाल्याने 'हे मारा' म्हणून दिलेली, सील पण फोडलेलं नव्हतं. डोंबिवलीच्या पुतण्याने बाटली उचलली, मोबाईलवर नाव टाकलं आणि जाहीर केलं की हे अँटिबायोटिक आहे, घरच्या भातावर अँटिबायोटिक मारताय, आणि वर्षभर आम्ही हाच तांदूळ मुंबईला नेऊन पोराबाळांना घालतो. त्यावर माझा चुलतभाऊ, जो हल्ली नैसर्गिक शेतीची दोन शिबिरं करून आलाय, तो म्हणाला अरे हे केमिकल नाहीच मुळी, हे मातीतले जिवाणू बनवतात, म्हणजे जैविकच झालं की. झालं, पडवीचे दोन भाग पडले. चुलीकडून थोरली काकी बाहेर आली आणि म्हणाली, "तां माका कळणा नाय, भात खावचा काय नाय तेवढा सांगा." तिला कोणी उत्तर दिलं नाही, आणि खरं तर त्या रात्री विचारलेला मुद्द्याचा प्रश्न तेवढा एकच होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुतण्या आणि चुलतभाऊ भांडत होते खरे पण दोघंही एकाच खांबाला धरून गोल फिरत होते, आणि तो खांब म्हणजे 'हे आलं कुठून'. कंपनीतून आलं की वाईट, मातीतून आलं की चांगलं. सध्या गावोगाव, हळदीकुंकवापासून ग्रामसभेपर्यंत, औषध-खत-गोळ्या यांवरचा सगळा वाद या एका खांबाभोवती चाललाय. मला वाटतं हा प्रश्नच निरुपयोगी आहे. जिवाणूंनी बनवलेली बरीचशी औषधं शरीरातलं एखादं एन्झाइम, म्हणजे तोड-जोडीची कामं करणारं प्रथिन, अडवून काम करतात, मग ते शरीर बुरशीचं असो, गवताचं असो नाहीतर माणसाचं. म्हणून विचारायचं ते हे, की हा पदार्थ कुठलं एन्झाइम अडवतो, ते एन्झाइम कोणाकोणाकडे आहे, आणि किती घेतला तर अडवतो. या तीन गोष्टी कळल्या की 'कुठून आलं' याला फारसा अर्थ उरत नाही.

त्या बाटलीपासूनच सुरू करू. जपानमध्ये १९७० च्या सुमारास ताकेदा कंपनीला स्ट्रेप्टोमायसेस हायग्रोस्कोपिकस नावाच्या मातीतल्या जिवाणूच्या एका प्रकारात हे व्हॅलिडामायसिन सापडलं. स्ट्रेप्टोमायसेस म्हणजे तीच जमात, मिरगाच्या पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो ना, तो वास सोडणारी. हे औषध चालतं पर्णकोष करप्यावर, म्हणजे चुडाच्या, भाताच्या झुबक्याच्या, बुडाशी, पाण्याच्या पातळीजवळ, पानाच्या आवरणावर लांबट राखाडी डाग येतात आणि त्यांना तपकिरी कडा असते, सापाच्या कातीसारखं दिसतं, तो करपा. लावणी दाट झाली, युरियाचा हात सैल सुटला आणि श्रावण-भाद्रपदात उघडीपच मिळाली नाही की हा येणारच. ही बुरशी आपल्या धाग्यातून साखर टोकापर्यंत नेते ती ट्रेहलोज या रूपात, आणि टोकाला ट्रेहलेज नावाचं एन्झाइम तिचे दोन तुकडे करून ग्लुकोज बनवतं. व्हॅलिडामायसिन त्या ट्रेहलेजमध्ये जाऊन बसतं. नाचणी दळताना जात्यात नाचणीएवढाच, नाचणीच्याच रंगाचा खडा जावा तसं, जात्याला वाटतं दाणाच आहे, पण तो दळला जात नाही आणि दुसऱ्या दाण्यालाही जागा देत नाही. बुरशी मरत नाही बरं का, नुसती जागच्या जागी वेडीवाकडी फुटत राहते आणि चूड चढत नाही. आता यात अँटिबायोटिक म्हणून घाबरण्यासारखं काय आहे? जिवाणूंना तर ते जवळजवळ शिवतच नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच जिवाणूत व्हॅलिओलामिन म्हणून व्हॅलिडामायसिनचा एक भाऊबंद पदार्थ सापडला, त्यावर थोडी कारागिरी करून वोग्लिबोज झालं आणि १९९४ पासून ते जपानमध्ये डायबेटिसची गोळी म्हणून विकायला लागले. आज आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये विचारा, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन-वोग्लिबोज अशी तीन एकत्र असलेली गोळी हमखास मिळते. पुतण्याचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, हीच गोळी घेतो, त्या रात्रीही पहिल्या घासाबरोबर घेतली होती. म्हणजे पडवीत ज्या जिवाणूच्या नावाने शिमगा चालला होता त्याचाच माल भावाच्या पोटात गेलेला. ही गोळी आपल्या आतड्यातली, भाताच्या आणि साखरेच्या शेवटच्या दुव्याचे तुकडे करणारी एन्झाइम अडवते, जातं तेच, फक्त घर बदललं. त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही, हळूहळू चढते, आणि न दळलेला माल पुढे मोठ्या आतड्यात गेला की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि पोटात गॅस होतो, त्याबद्दल आमच्या घरात सगळे समजून घेतात.

आता हे एन्झाइमचं पुराण मी का लावून धरलंय ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी, हरितालिकेला, आईने सवयीने सकाळची हीच तिहेरी गोळी घेतली आणि मग कडक उपास धरला. दुपारी बाराच्या सुमारास माटोळीखाली बसून आंब्याचे टाळे बांधत होती ती एकदम घामाने भिजली, हात थरथरायला लागले, मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. साखर उतरली हे कळलं, ते हल्ली कोणालाही कळतं. उपास मोडायला लावून साखरपाण्याचा पेला तोंडाला लावला, पुन्हा अर्धा लावला. पंधरा मिनिटं गेली, फरक नाही. शेजारची वहिनी मुंबईला हॉस्पिटलात नर्स, सुट्टीवर आलेली, ती धावत आली, गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचली आणि म्हणाली साखर नको, ग्लुकोजची पावडर आहे का घरात? मुलांच्या खेळाच्या पिशवीत निघाली. दोन-तीन चमचे पाण्यात घालून दिली आणि थोड्या वेळात आई माझ्या खऱ्या नावावर आली. कारण काय? आपली घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेली, ती तोडली तरच रक्तात जाणार, आणि तोडणाऱ्या एन्झाइमच्या तोंडात सकाळपासून खडा बसलेला. नुसतं ग्लुकोज तोडावंच लागत नाही. हे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, निदान आईला तसं आठवत नाही. ती गोळी नैसर्गिक आहे की केमिकल हे माहीत असून त्या दुपारी कोणाचं काय भलं झालं असतं? काय अडवते एवढं माहीत असतं तर पंधरा मिनिटं वाचली असती.

बरं हायग्रोस्कोपिकस या एका नावाखाली काय काय नोंदलं गेलंय बघा. कोकणात एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं असतात, त्यात एक मास्तर, एक सावकार, एक दारूच्या भट्टीवाला, आडनावावरून माणूस ओळखता येत नाही, तसंच. १९६४ साली कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली, तिथल्या मातीतल्या याच नावाच्या जिवाणूत रॅपामायसिन मिळालं. ते आपल्या पेशीतल्या वाढीचा हुकूम देणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं आणि १९९९ पासून अमेरिकेत किडनी बदललेल्या रुग्णांना देतात, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून. (ते टिकलं कसं तर सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या शास्त्रज्ञाने, कंपनीने माँट्रियलची लॅब बंद केली तेव्हा, जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमशेजारी सांभाळून ठेवला. बायको काय म्हणाली असेल!) आणि याच नावाच्या आणखी एका भावंडाने बायलाफॉस बनवलं, ज्याचा कामाचा भाग म्हणजे तणनाशकातलं ग्लुफोसिनेट. ते गवतातलं ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम अडवतं, पाल्यात अमोनिया साठतो आणि पाला वाळतो. ते एन्झाइम आपल्याकडेही आहे. जपानमध्ये बायलाफॉस जिवाणूंकडून आंबवून घेतलं, बाकी जगात ग्लुफोसिनेट कारखान्यात बनतं, आणि प्रजननावर परिणाम होतो असं ठरल्यावर युरोपात त्याची परवानगी २०१८ ला संपली. मग माझ्या चुलतभावाला मी विचारतो, मातीतून आलं हा दाखला पुरत असेल तर हे तणनाशक बांधावर मारशील का? मारणार नाही. का नाही, याचं उत्तर देताना त्याला 'कुठून'वरून 'काय करतं'वर यावंच लागेल.

पण पुतण्याला मी वेड्यात काढणार नाही. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं भरपूर आहे आणि ते आधी मान्य केलं पाहिजे. आमच्यासारख्या काजूवाल्यांना केरळातलं कासरगोड माहीत आहे, काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं, खालच्या गावांत काय काय झालं, आणि सुप्रीम कोर्टाची बंदी यायला २०११ उजाडावं लागलं. यवतमाळला २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले ते तर परवाचं. त्या प्रत्येक वेळेला 'शिफारशीप्रमाणे वापरलं तर सुरक्षित' हे वाक्य छापील होतंच. अशा वाक्यांवर ज्याचा विश्वास उडालाय त्याने बाटली बघून दचकणं हा काही अडाणीपणा नाही, हा अनुभव आहे. आणि आमच्याकडे फवारणारा माणूस तोंडाला पंचा, अंगात बनियन आणि पायात काही नाही अशा अवतारात असतो, तेव्हा लेबलवरचं हातमोज्याचं चित्र म्हणजे थट्टाच.

मान्य. पण मग त्या यवतमाळच्याच धाग्याने पुढे जाऊ. तिथे ज्या औषधांचं नाव पुढे आलं त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं होती, मोनोक्रोटोफॉससारखी. ती मज्जातंतूंचं एक एन्झाइम अडवतात, असिटिलकोलिनएस्टरेज, ते अडलं की स्नायूंना मिळालेला हुकूम थांबतच नाही, लाळ, घाम, आकडी, आणि श्वास बंद. हे एन्झाइम किड्यात आहे आणि आपल्यातही आहे, म्हणून धोका. आता हे शंभर टक्के माणसाने काढलेलं खूळ, असं वाटेल. पण अ‍ॅनाबिना जमातीतल्या एका निळ्या-हिरव्या शेवाळाने, जे खरं तर शेवाळ नाहीच, जिवाणूच आहे, हाच प्रकार स्वतः बनवला आहे. तोही ऑर्गॅनोफॉस्फेटच आणि तोही त्याच एन्झाइमला अडवतो. कुठलीही कंपनी नाही, कुठलंही पेटंट नाही, आणि त्या तळ्याचं पाणी प्यालेली जनावरं मेलेली आहेत. याच गोतावळ्यातली दुसरी मंडळी मायक्रोसिस्टिन बनवतात, ते लिव्हरमधल्या पेशींची फॉस्फटेज नावाची एन्झाइम अडवतं. ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिसला वापरलेल्या पाण्यात ते होतं, पन्नासच्या वर माणसं गेली. आणि मजा अशी की अ‍ॅनाबिनाचेच बिनविषारी भाऊबंद भातखाचरात नत्र देतात, माझा चुलतभाऊ परसात टाकीत ते निळं-हिरवं शेवाळ वाढवून भाताला घालतो आणि चांगलंच करतो. तेव्हा जमात पण बघून चालत नाही, शेवटी पदार्थच बघावा लागतो.

चुलतभावाच्या बाजूचाही एक मुद्दा पक्का आहे, तो तो स्वतः मांडत नाही म्हणून मी मांडतो. जिवाणूंनी बनवलेल्या पदार्थांना मातीत खाणारंही बहुतेक वेळा कोणीतरी असतं. व्हॅलिडामायसिन मातीत पडलं की तिथले जिवाणू ते झपाट्याने संपवतात, एंडोसल्फानसारखं वर्षभर रेंगाळत नाही. म्हणजे उगमाला काहीच किंमत नाही असं मी म्हटलं तर ते खोटं होईल, उगम हा एक सुगावा आहे. पण सुगावा म्हणजे निकाल नव्हे. जपानचाच इतिहास बघा, त्यांनी हा प्रयोग आपल्याआधी साठ वर्षं करून ठेवलाय. युद्धानंतर ते भाताच्या दुसऱ्या एका करप्यावर पाऱ्याची पावडर धुरळत होते, पारा तांदळात उतरायला लागला. त्याला पर्याय म्हणून १९५८ मध्ये ब्लास्टिसिडिन सापडलं, स्ट्रेप्टोमायसेसचंच, अगदी मातीतलं. पाऱ्यापासून सुटका झाली पण फवारणाऱ्यांचे डोळे सुजून लाल व्हायला लागले, कारण ते पेशीचा प्रथिनं बनवायचा कारखाना अडवतं आणि तो कारखाना भातात, बुरशीत, माणसात सगळीकडे आहे. मग १९६५ मध्ये हामाओ उमेझावा यांच्या मंडळींनी नारा शहरातल्या कासुगा देवळाच्या मातीतून कासुगामायसिन काढलं, ते तसाच कारखाना अडवतं पण आपल्या पेशीत फारसं काही करत नाही. त्यावर बुरशीच पुढे सरावली तो भाग वेगळा. तिन्हींमध्ये फरक कशामुळे पडला? पारा खाणीतला आणि बाकी दोन मातीतली म्हणून? मग त्या दोघांत एवढा फरक का?

(हे उमेझावा मोठे गमतीदार गृहस्थ असले पाहिजेत. सगळं जग जिवाणूंकडून मारणारी औषधं मागत होतं तेव्हा यांनी साठच्या दशकात न मारणारी, नुसतं एखादं एन्झाइम अडवणारी शोधायला घेतली, आणि ल्युपेप्टिन, पेप्स्टॅटिन, बेस्टॅटिन अशी माळच लावली. आपल्या पोटातलं मांस-मासे पचवणारं पेप्सिन आहे ना, ते पेप्स्टॅटिन अडवतं.)

राहिला अँटिबायोटिकचा मुद्दा, पुतण्याचा खरा हुकमी पत्ता. शेतात, तळ्यात अँटिबायोटिक ओतली की जिवाणू सरावतात आणि मग दवाखान्यातली औषधं चालत नाहीत, हे शंभर नंबरी खरं आहे. खाडीकाठच्या कोळंबीवाल्यांना विचारा, क्लोरॅम्फेनिकॉल सापडलं म्हणून परदेशातून माल परत यायचा, ते वापरायला बंदी झाली ती योग्यच झाली. तेही स्ट्रेप्टोमायसेसचंच, तेही नैसर्गिक, आणि क्वचित एखाद्याची रक्त बनवण्याची क्षमताच बंद पाडणारं. म्हणजे पुतण्याची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या बाटलीला चिकटली. दुकानात त्याच फळीवर शेजारी कासुगामायसिन उभं असतं, ते जिवाणूंचाही कारखाना अडवतं, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. व्हॅलिडामायसिनच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, तो असा की किड्यांच्या रक्तातली साखर म्हणजे मुख्यतः ट्रेहलोजच, मग फुलोऱ्याच्या काठावर मारताना मधमाश्यांचं काय? आणि आपल्या आतड्यातही थोडं ट्रेहलेज असतं, अळंबी खाल्ली की लागतं, तर कापणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची? बघा, हे प्रश्न 'केमिकल की जैविक' करत दोन तास बसलं तरी सुचत नाहीत.

सरावण्याचंच म्हणाल तर जिवाणूंनी त्यावरही तोड काढलेली आहे. स्ट्रेप्टोमायसेस क्लॅव्हुलिजेरस हा एकाच अंगात पेनिसिलिनच्या गोत्रातलं अँटिबायोटिक पण बनवतो आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल पण, जे त्या अँटिबायोटिकला फोडणारं शत्रूचं एन्झाइम अडवतं. आपण १९८१ पासून हीच जोडगोळी ऑगमेंटिन म्हणून घेतोय, फक्त जोडीदार बदलून अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतलंय. आणि सर्दी झाली की मेडिकलमधून 'क्लॅव्हवाली द्या' म्हणून तीन दिवसांची आणतोय, ज्याचा सर्दीच्या व्हायरसशी काडीचा संबंध नाही. भातावर अँटिबायोटिक नको म्हणणारा पुतण्याही आणतो, मी विचारलं.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला खरंच टोचतो. काकी एन्झाइम विचारत बसणार का? काका तालुक्याच्या दुकानात उभे राहून ट्रेहलेज म्हणणार का? नाहीच म्हणणार. पण आपल्या माणसांना नेमकं विचारायची सवय नाही असं कोण म्हणतं? श्रावणात रानात अळंबी काढायला गेल्यावर काकी कधी म्हणते का की रानातली आहे म्हणजे चांगलीच? कुठली, कुठल्या वारुळावरची, देठ कसा, सगळं बघते आणि तरी शंका आली की फेकते. जाळ्यात केंडासारखा विषारी मासा आला तर समुद्रातलाच आहे म्हणून कोणी रस्सा करतं का? साप चावला तर नुसतं 'जनावर चावलं' म्हणून भागतं का, फुरसं की मण्यार की दिवड हे विचारतातच. तीच नजर बाटलीवर वळवायची आहे एवढंच. कशावर आहे हे, कसं काम करतं, कोणाला लागू नये, किती दिवस आधी थांबवायचं, हे चार शब्द मालवणीत सहज विचारता येतात. उत्तर द्यायचं काम दुकानवाल्याचं, कृषी सहाय्यकाचं, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरचं. ते देत नाहीत कारण आपण विचारत नाही, आपण विचारतो 'साईड इफेक्ट नाही ना?' आणि ते म्हणतात 'नाही हो, नॅचरल आहे'.

तर त्या बाटलीचं पुढे काय झालं. सकाळी आरतीच्या आधी मी काकांबरोबर खाचरात गेलो, रात्रभर पाऊस होता, बांध घसरडा. आदल्या रात्री पडवीत बसलेल्या आठ-दहा माणसांपैकी हे भात कोणी बघितलंच नव्हतं, मी धरून. वाकून चुडाचं बूड बघितलं तर स्वच्छ, हिरवंगार, सापाची कात वगैरे काही नाही. वाळत होती ती पानं, वरून, टोकापासून, दोन्ही कडांनी पिवळी नागमोडी पट्टी खाली उतरत आलेली. एक पान आडवं कापून घरी आणलं आणि काचेच्या पेल्यात पाण्यात उभं धरलं. काकी, पुतण्या, चुलतभाऊ सगळे वाकून बघत होते. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधट धागा निघाला आणि सरळ पाण्यात उतरायला लागला. कडा करपा. बुरशी नव्हेच, जिवाणूंचा रोग, त्याला ट्रेहलेज अडवून काय फरक पडणार होता. काकांनी पेल्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या बाटलीकडे, आणि म्हणाले सील फोडलं नाही ते बरं झालं, बदलून तरी देईल.